नावात ‘लग्नपत्रिका’, शेपटीला ‘एपीके’

सोसायटीचा असो, वर्गमित्रांचा असो की भावकीचा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेली दोन-तीन वर्षं एक ठरलेला प्रसंग घडतो. कुणातरी काकांच्या नंबरवरून फाइल येते. नाव ‘आरटीओ ई-चलान’, ‘पीएम किसान यादी’ किंवा ‘शुभविवाह निमंत्रण’. अर्ध्या तासानं काकांचा मुलगा स्वतःच्या नंबरवरून लिहितो, ‘बाबांचा फोन हॅक झालाय, ती फाइल प्लीज कोणी उघडू नका.’ तोवर दोघांनी ‘छान’ म्हणून अंगठ्याची इमोजी टाकलेली असते, एकानं ‘हार्दिक शुभेच्छा’ लिहिलेलं असतं आणि चौथ्यानं फाइल उघडलेली असते.

यावर पोलिसांची पत्रकं, बँकांचे मेसेज आणि वर्तमानपत्रांतल्या चौकटी एकच सल्ला देतात: संशयास्पद फाइल उघडू नका. सल्ला खोटा नाही, पण त्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण संशय यावा असं त्या नावात काही नसतंच. ‘फ्री क्रॅक फुल व्हर्जन’ असल्या नावांना भुलण्याचा जमाना बराच मागे पडला. आता लुबाडणाऱ्या फाइलींची नावं सरकारी, घरगुती आणि मंगल असतात. तेव्हा नाव कसं वाटतं हा प्रश्न बाजूला ठेवावा. नावाच्या शेवटी काय आहे आणि उघडल्यावर ती फाइल काय मागते, या दोन गोष्टी बघता आल्या तरी पुष्कळ.

## नाव वेगळं, शेपूट वेगळी

प्रत्येक फाइलच्या नावाचे दोन भाग असतात. पहिला भाग माणसासाठी: ‘अहवाल’, ‘बारशाचे फोटो’, काहीही. दुसरा भाग टिंबानंतरचा, तीन-चार अक्षरांचा: जेपीजी, पीडीएफ, एपीके, ईएक्सई. याला एक्स्टेंशन म्हणतात. आपण शेपूट म्हणू. ही फाइल कोणाच्या हवाली करायची, हे फोन किंवा कॉम्प्युटर बहुतेक वेळा या शेपटीवरून ठरवतो.

पहिला भाग पाठवणारा ठरवतो, आणि तो काय वाटेल ते ठरवू शकतो. त्याला ना कोणाची परवानगी लागते, ना तो खरा आहे का हे कोणी तपासतं. मराठी घरातल्या फ्रीजमध्ये श्रीखंडाचा डबा दिसला म्हणून आत श्रीखंड असेल, असं शेंबडं पोरही मानत नाही. आत निवडलेल्या मिरच्या असतात, किसलेलं खोबरं असतं, नाहीतर परवाची उसळ. फाइलचं नाव म्हणजे त्या डब्यावरचं छापील चित्र. फरक एवढाच, की डबा उघडून बघता येतो. इथे उघडून बघणं हीच चूक ठरू शकते.

शेपट्या पाठ करत बसायची गरज नाही. दोन गट लक्षात ठेवले की झालं. काही फाइली बघायच्या असतात: फोटो, पीडीएफ, गाणं, व्हिडिओ. काही फाइली चालायच्या असतात, म्हणजे त्या स्वतःच प्रोग्रॅम असतात आणि उघडल्या की कामाला लागतात. फोनवर एपीके ही अशी चालणारी फाइल. विंडोज कॉम्प्युटरवर ईएक्सई, एससीआर, व्हीबीएस, बीएटी, एमएसआय वगैरे बरीच भावंडं आहेत. मालवेअर म्हणजे मालकाच्या इच्छेविरुद्ध काम करणारा प्रोग्रॅम. व्हायरस, ट्रोजन, स्पायवेअर हे सगळे त्याचेच प्रकार; या लेखापुरतं एकच नाव पुरे.

लग्नपत्रिका ही बघायची गोष्ट. ती चालायला लागली, तर काहीतरी बिनसलंय एवढं कळायला कॉम्प्युटरची पदवी लागत नाही.

## ही युक्ती जुनीच आहे

४ मे २००० रोजी जगभरच्या ऑफिसांत ‘आय लव्ह यू’ अशा विषयाचे ईमेल येऊ लागले. सोबत एक फाइल. तिचं पूर्ण नाव होतं ‘लव्ह-लेटर-फॉर-यू डॉट टीएक्सटी डॉट व्हीबीएस’. दोन शेपट्या बघा. टीएक्सटी म्हणजे साधा मजकूर, निरुपद्रवी. खरी शेपूट शेवटची, व्हीबीएस, म्हणजे चालणारी. पण विंडोजला ओळखीच्या शेपट्या लपवून ठेवायची सवय होती. त्यामुळे लोकांना नाव दिसलं ते फक्त ‘लव्ह-लेटर-फॉर-यू डॉट टीएक्सटी’. प्रेमपत्र, तेही साध्या मजकुराचं! लोकांनी उघडलं. उघडताच त्या प्रोग्रॅमनं आउटलुक या मायक्रोसॉफ्टच्या ईमेल प्रोग्रॅममधल्या सगळ्या पत्त्यांवर स्वतःच्या प्रती पाठवल्या आणि कॉम्प्युटरवरच्या जेपीजी फोटोंवर स्वतःचाच मजकूर लिहून टाकला. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सला आपली ईमेल यंत्रणा काही काळ बंद ठेवावी लागली. मनिलातल्या एका विद्यार्थ्याचं हे काम होतं, पण फिलिपाइन्समध्ये तेव्हा अशा गुन्ह्यासाठी कायदाच नव्हता. खटला मागे घ्यावा लागला आणि कायदा त्याच वर्षी जूनमध्ये झाला. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत अ‍ॅना कुर्निकोव्हा या टेनिसपटूच्या नावानं ‘डॉट जेपीजी डॉट व्हीबीएस’ फाइल फिरली. तेच तंत्र, आणि लोक तसेच फसले.

इतकी वर्षं झाली तरी नवं विंडोज घेतलं की शेपट्या मुळात लपवलेल्याच येतात. मायक्रोसॉफ्टचा हा हट्ट मला आजवर कळलेला नाही. विंडोज ११ मध्ये फाइल एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’ मेनूत ‘शो’खाली ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ असा पर्याय आहे. तो चालू करून टाकावा. विशेषतः सोसायटीचे सेक्रेटरी, कर सल्लागार, डीटीपी करणारे, म्हणजे ज्यांच्याकडे दिवसभर परक्यांच्या फाइली येतात त्यांनी.

शेपूट दिसत असली तरी एक चलाख डाव उरतो. उर्दू, अरबी, हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात. ती अक्षरं पडद्यावर नीट मांडली जावीत म्हणून युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं कॉम्प्युटरवर साठवायच्या जागतिक पद्धतीत, काही अदृश्य चिन्हं आहेत. त्यातलं एक चिन्ह फाइलच्या नावात मध्येच घातलं, की त्यापुढची अक्षरं पडद्यावर उलट क्रमानं दिसतात. मग जिची खरी शेपूट ईएक्सई आहे अशा फाइलचं नाव डोळ्यांना जेपीजीवर संपताना दिसतं. अशा वेळी नाव सोडून ‘टाइप’ हा रकाना बघायचा. तिथे ‘अ‍ॅप्लिकेशन’ लिहिलं असेल, तर तो फोटो नाही.

एप्रिल २०२५ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपच्या विंडोज आवृत्तीतली अशीच एक खोट कंपनीनंच जाहीर केली आणि दुरुस्त केली. आलेली फाइल कोणत्या प्रकारची म्हणून दाखवायची, हे व्हॉट्सअ‍ॅप एका माहितीवरून ठरवत होतं आणि ती कशानं उघडायची, हे शेपटीवरून. म्हणजे चित्र दिसायचं फोटोचं, आणि क्लिक केल्यावर प्रोग्रॅम चालू व्हायची शक्यता होती. अ‍ॅप अपडेट करा म्हणतात ते अशासाठी.

## फोनवर नेमकं काय घडतं

आता ग्रुपवरच्या त्या चलानाकडे येऊ. एपीके म्हणजे अँड्रॉइड फोनवर अ‍ॅप बसवायची फाइल. व्हॉट्सअ‍ॅपवर ती आली, की वर ठसठशीत नाव दिसतं आणि खाली बारीक, करड्या अक्षरांत आकार आणि प्रकार: काही एमबी, टिंब, एपीके. सगळं गुपित त्या करड्या ओळीत आहे आणि तीच वाचायची कोणाला सवय नाही.

फाइलवर बोट ठेवलं की फोन लगेच उघडत नाही. तो अडवतो. सुरक्षेसाठी या स्रोतावरून अनोळखी अ‍ॅप घ्यायला परवानगी नाही, असा काहीसा मजकूर येतो. खाली दोन बटणं, रद्द करा आणि सेटिंग्ज. बहुतेक लोक इथे घाईत सेटिंग्जमध्ये जाऊन बटण सरकवतात, कारण वर ‘दंड भरा नाहीतर कारवाई’ असं लिहिलेलं असतं आणि डोक्यात परवाचा सिग्नल असतो. जरा थांबून विचार करा. पत्रिका वाचायला किंवा दंडाची पावती बघायला फोनचं सेटिंग कधी बदलावं लागलंय?

पहिलं अ‍ॅप पुष्कळदा नुसतं टरफल असतं. त्यात आक्षेपार्ह काही सापडत नाही. उघडलं की ‘अपडेट करा’ असं बटण येतं आणि त्या निमित्तानं दुसरं, खरं कामाचं अ‍ॅप आत येतं. ते परवानग्या मागतं: एसएमएस वाचणं, एसएमएस पाठवणं, कॉन्टॅक्ट्स, कॉल. काही अ‍ॅपं आणखी पुढे जाऊन नोटिफिकेशन वाचायची किंवा ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ची परवानगी मागतात. ही शेवटची सोय अंध आणि अपंग व्यक्तींसाठी आहे. ती मिळालेलं अ‍ॅप पडद्यावर काय आहे ते वाचू शकतं आणि तुमच्या वतीनं बटणंही दाबू शकतं. म्हणून ती चोरांची सर्वांत आवडती.

मग अ‍ॅपचा आयकॉन पडद्यावरून नाहीसा होतो. माणसाला वाटतं, बसलं नाही बहुतेक, जाऊ दे.

२०२४ च्या जुलैमध्ये क्लाउडसेक या सायबरसुरक्षा कंपनीनं परिवहन खात्याच्या नावानं चालणाऱ्या अशाच एका प्रकाराचा छडा लावला होता. व्हॉट्सअ‍ॅपवर चलानाचा मेसेज, सोबत अ‍ॅप, आणि सूत्रं हलत होती व्हिएतनाममधून. ४,४०० हून अधिक फोन त्यात बाधित झाल्याचं कंपनीनं सांगितलं. थोडक्यात, मागे एखादं पोरगं मजा करत नसून हा सरळ धंदा आहे.

## ‘मी ओटीपी कोणालाच सांगत नाही’

उत्तम सवय. पण इथे ओटीपी कोणी विचारतच नाही.

नव्या फोनवर यूपीआय सुरू करताना काय होतं, आठवा. अ‍ॅप आधी सिम कोणतं ते विचारतं आणि मग त्या फोनवरून एक एसएमएस आपोआप बाहेर जातो. या नंबरचं सिम याच फोनमध्ये आहे, याचा बँकेला मिळणारा पुरावा तो एसएमएस. पुढे पिन ठरवायचा. त्यासाठी डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे, कार्डाची मुदत आणि ओटीपी लागतो.

आता चलानाच्या अ‍ॅपनं काय काय मिळवलं, ते यापुढे मांडून बघा. एसएमएस पाठवायची परवानगी आहे. वाचायचीही आहे. आणि ‘पडताळणीसाठी १ रुपया भरा’ म्हणत एका फॉर्मवर कार्डाचे आकडे आणि मुदतही लिहून घेतली आहे. तुमचं सिम तुमच्याच खिशात राहतं, फोन तुमच्याच हातात असतो, आणि तरी बँकेला हवे असलेले सगळे पुरावे दुसऱ्या कोणाकडे गोळा होतात. आलेला ओटीपी तुम्हाला दिसतोच असंही नाही. एसएमएस हातात आलेल्या अ‍ॅपला तो लपवता येतो.

काही अ‍ॅपं कॉलही दुसऱ्या नंबरकडे वळवतात, म्हणजे बँकेनं खात्री करायला फोन केला तर तोही तिकडे. कॉल वळवण्याच्या सोयीचा असा गैरवापर वाढल्यावर दूरसंचार विभागानं १५ एप्रिल २०२४ पासून कोड डायल करून कॉल फॉरवर्ड करायची सोय थांबवायला कंपन्यांना सांगितलं होतं.

## ‘माझ्या खात्यात आहेतच किती?’

हा युक्तिवाद घरातली वडीलधारी मंडळी हमखास करतात. खात्यात पाचशे रुपये असतील, पण फोनमध्ये आठशे माणसांचे नंबर आहेत. चोराला पैशाइतकीच ओळख हवी असते. व्हॉट्सअ‍ॅप नव्या फोनवर चालू करायलाही एसएमएसनं कोड येतो, आणि एसएमएस आता त्याच्या ताब्यात आहेत. एकदा काकांचं व्हॉट्सअ‍ॅप तिकडे चालू झालं, की पुढची फाइल काकांच्या नावानं, काकांच्या फोटोसह, काकांच्याच ग्रुपांत जाते. लेखाच्या सुरुवातीचा प्रसंग घडतो तो असा.

फोनमधल्या एसएमएसचा ढीग हीसुद्धा मोठी कुंडलीच असते. कोणत्या बँकेत खातं, पगार कधी होतो, कोणता हप्ता थकलाय, कोणत्या लॅबचा रिपोर्ट तयार आहे, सगळं त्यात. पैसे न जाता ही माहिती गेली, तर तक्रार कशाची करायची हेही माणसाला कळत नाही. माझ्या मते खासगीपणाचं हे नुकसान चोरीपेक्षा जास्त काळ टिकतं. पैसे कधीकधी परत मिळतात. बाहेर गेलेली माहिती मिळत नाही.

## ‘पण पाठवणारा तर ओळखीचा होता’

वर सांगितलं त्यावरून उत्तर आलंच. ओळखीचा नंबर म्हणजे ओळखीचा माणूस, हे समीकरण आता धरून चालता येत नाही. त्यानं पाठवलेल्या फाइलच्या शेवटी एपीके असेल, तर आधी त्याला फोन करावा. व्हॉट्सअ‍ॅपवर विचारू नये, कारण तिथे ‘हो, मीच पाठवलंय, उघड’ असं उत्तर चोरच देईल.

यात आपल्या कार्यालयांचाही दोष आहे. कित्येक ठिकाणी सर्वेक्षणाचं किंवा हजेरीचं अ‍ॅप ‘नवीन व्हर्जन आलंय, सगळ्यांनी टाकून घ्या’ म्हणत ग्रुपवर एपीके म्हणूनच पाठवलं जातं. वरिष्ठांनीच ही सवय लावली, तर शिक्षकांनी आणि अंगणवाडी सेविकांनी खरं-खोटं ओळखायचं कसं? असं अ‍ॅप प्ले स्टोअरवर का नाही, हा प्रश्न बैठकीत विचारायला हरकत नाही.

दंड खरोखर झालाय का, हे बघायला फाइल लागतच नाही. महाराष्ट्र पोलिसांचं ‘महाट्रॅफिकईचलान’ किंवा केंद्राच्या परिवहन खात्याचं ई-चलान संकेतस्थळ स्वतः ब्राउझरमध्ये टाइप करून उघडावं आणि गाडीचा नंबर घालावा. दोन्हींचा पत्ता ‘गव्ह डॉट इन’वर संपतो. बँकांसाठीही रिझर्व्ह बँकेनं ‘बँक डॉट इन’ हा वेगळा शेवट ठरवून दिला आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तिकडे जायला सांगितलं. फाइलचं नाव कोणीही काहीही ठेवू शकतं, पण पत्त्याचा हा शेवट कोणालाही मिळत नाही. भरवसा ठेवायचाच तर त्याच्यावर ठेवावा.

## ‘अँटिव्हायरस आहे, गूगलही तपासतं’

दोन्हींचा उपयोग होतो, पण मर्यादित. तपासणारे प्रोग्रॅम बऱ्याच अंशी आधी सापडलेल्या मालवेअरच्या खुणांवर चालतात. तेच अ‍ॅप थोडं बदलून, नव्या वेष्टनात घालून पाठवलं की काही काळ ते ओळखू येत नाही. टरफलाची युक्तीही त्यासाठीच.

गूगलनं मात्र एक शहाणपणाचा रस्ता धरला. फेब्रुवारी २०२४ मध्ये सिंगापूरच्या सायबरसुरक्षा संस्थेबरोबर त्यांनी प्रयोग सुरू केला: ब्राउझर, मेसेजिंग अ‍ॅप किंवा फाइल मॅनेजरमधून आलेलं अ‍ॅप जर एसएमएस, नोटिफिकेशन किंवा अ‍ॅक्सेसिबिलिटी मागत असेल, तर प्ले प्रोटेक्टनं, म्हणजे अँड्रॉइड फोनमधल्या गूगलच्याच तपासनीसानं, ते बसवूच द्यायचं नाही. त्याच वर्षी भारतासाठीही हा प्रयोग जाहीर झाला. यात अ‍ॅपचं नाव काय, ते ओळखीचं आहे का, याला महत्त्वच नाही. ते काय मागतं हे बघितलं जातं. आपणही तेच करायचं आहे. म्हणूनच फसवणारे लोक फोनवर आवर्जून सांगतात, ‘आधी प्ले प्रोटेक्ट बंद करा, मग इन्स्टॉल होईल.’ हे वाक्य ऐकू आलं की फोन ठेवून द्यावा, पुढचं ऐकायची गरज नाही.

शंकेखोर मंडळी फाइल तपासायला ‘व्हायरसटोटल’ या गूगलच्या मालकीच्या संकेतस्थळावर टाकतात. साधन चांगलं आहे. पण तिथे टाकलेल्या फाइली सुरक्षा कंपन्यांना आणि अभ्यासकांना बघता येतात. अनोळखी एपीके खुशाल टाका. स्वतःचं बँक स्टेटमेंट ‘यात व्हायरस आहे का’ म्हणून टाकू नका.

## ‘आयफोन आहे’, ‘पीडीएफच तर होती’

आयफोनवर एपीके चालत नाही, हे खरं. ग्रुपवरचं चलान तिथे निकामी आहे. पण चलानाच्या नावानं फाइलऐवजी लिंक आली आणि खोट्या पानावर कार्डाचे आकडे भरले, तर फोन कोणता होता याला अर्थ उरत नाही.

आणि बघायच्या फाइली पूर्ण निर्धोक का? जवळजवळ. सप्टेंबर २०२१ मध्ये टोरंटो विद्यापीठातल्या सिटिझन लॅब या संशोधन गटानं एका हल्ल्याचा तपशील प्रसिद्ध केला. इस्रायलच्या एनएसओ ग्रुप या कंपनीचं पेगासस हे हेरगिरीचं मालवेअर आयफोनमध्ये घुसवण्यासाठी पाठवलेल्या फाइलींची शेपूट होती जीआयएफ, म्हणजे चित्राची, पण आतून त्या वेगळ्याच होत्या. त्यातल्या काही चक्क पीडीएफ. चित्र-दस्तऐवज वाचणाऱ्या आयफोनच्या कोडमध्ये एक भोक होतं आणि त्यातून काम व्हायचं. कोणाला कशावर बोटही ठेवावं लागत नव्हतं. अ‍ॅपलनं ते भोक त्याच महिन्यात बुजवलं. अशी शस्त्रं फार महाग असतात आणि मोजक्या लोकांवर, पत्रकार, कार्यकर्ते, राजकारणी यांच्यावर वापरली जातात. तुमच्या-माझ्या सोसायटीच्या ग्रुपवर ती कोणी खर्च करणार नाही. अपडेट वेळेवर घेतले, तर सामान्य माणसानं पीडीएफ उघडायला घाबरू नये. पीडीएफमधल्या लिंकवर मात्र दोनदा विचार करावा.

## आपल्याच फाइलींची नावं

आतापर्यंत येणाऱ्या फाइलींबद्दल बोललो. पण आपल्या कॉम्प्युटरवर ज्या आधीच पडून आहेत, त्यांच्या नावांचं काय? ‘पासवर्ड डॉट एक्सएलएसएक्स’, ‘आधार पॅन सगळे’, ‘आई एटीएम पिन’. कॉम्प्युटरवर शिरून माहिती उचलणारं मालवेअर असतं, त्यात ‘रेडलाइन’ हे एक गाजलेलं नाव. ऑक्टोबर २०२४ मध्ये नेदरलँड्सच्या पोलिसांनी इतर देशांच्या मदतीनं त्याची यंत्रणा ताब्यात घेतली. असले प्रोग्रॅम सगळा कॉम्प्युटर उपसत बसत नाहीत. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उचलायचे आणि नावात ठरावीक शब्द असलेल्या फाइली घ्यायच्या, एवढ्यात काम होतं. तिथे ‘पासवर्ड’ असं नाव दिलेली फाइल म्हणजे आपण होऊन केलेली मदत.

आधारचं उदाहरण तर मजेशीर आहे. ई-आधारची पीडीएफ पासवर्डनं बंद असते आणि तो पासवर्ड म्हणजे इंग्रजीतल्या नावाची पहिली चार मोठी अक्षरं आणि जन्मसाल. आता झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर बघा: ‘आधार सुनील जन्म १९७४’ अशा नावाच्या फाइली ‘डाउनलोड्स’मध्ये रांगेनं उभ्या. कुलपावरच किल्ली टांगलेली. २०२२ च्या मे महिन्यात आधारच्या बंगळुरू प्रादेशिक कार्यालयानं आधारच्या प्रती कुठेही देऊ नका, शेवटचेच चार आकडे दाखवणारं ‘मास्क्ड आधार’ वापरा, असं पत्रक काढलं होतं. दोन दिवसांत ते मागे घेतलं गेलं, गैरसमज होईल म्हणून. पत्रक गेलं, पण मास्क्ड आधारची सोय आहे, आणि झेरॉक्सच्या दुकानातून निघताना फाइल पुसून, कचऱ्याचा डबाही रिकामा करा म्हणून सांगायला काही लाजायचं कारण नाही.

## उघडलीच असेल तर

नुसती डाउनलोड झाली असेल, पण बसवली नसेल, तर फाइल पुसा. काही झालेलं नाही. फोनच्या ‘डाउनलोड्स’मध्येही एकदा बघा, आणि घरातल्या मोठ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये फाइली आपोआप उतरवणं बंद करून ठेवा.

बसवली असेल, तर आधी त्या फोनचं इंटरनेट बंद करा. विमान मोड लावा. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं, कार्ड आणि यूपीआय थांबवा. लगेच १९३० ला फोन लावा. ही केंद्र सरकारची आर्थिक सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात उड्या मारायच्या आत अडवता यावेत म्हणून ती आहे, तेव्हा ‘सकाळी बघू’ म्हणू नका. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रारही नोंदवता येते.

अ‍ॅप काढताना ते निघत नसेल, तर फोन सेफ मोडमध्ये, म्हणजे बाहेरून टाकलेली अ‍ॅपं बंद ठेवून, चालू करून बघा. सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस अ‍ॅडमिन’ आणि अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या यादीत त्याचं नाव असेल, तर आधी तिथून काढावं लागतं. खात्री वाटत नसेल, तर फोटोंची प्रत काढून घेऊन फोन कोरा करणं सगळ्यात बरं. कॉल वळवलेले असतील, तर ##००२# डायल केल्यावर रद्द होतात. व्हॉट्सअ‍ॅप पुन्हा स्वतःच्या नंबरवर चालू करा, ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये तुमचं खातं आणखी कुठे चालू आहे ते बघा, आणि दोन टप्प्यांच्या पडताळणीचा सहा आकडी पिन लावा. हा पिन एसएमएसनं येत नाही, त्यामुळे नुसते एसएमएस हातात असून भागत नाही. एक गोष्ट मात्र अजिबात करू नका: त्याच फोनवरून नवे पासवर्ड ठरवणं. मालवेअर आत असेल, तर नवे पासवर्डही त्याला आयतेच मिळतील.

पैशाचं काय? रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानं असं ठरवून दिलं होतं, की चूक बँकेची किंवा ग्राहकाची नसून तिसऱ्याच कोणाची असेल आणि ग्राहकानं तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर भार येत नाही. चार ते सात कामकाजी दिवसांत कळवलं, तर मर्यादित भार येतो. ग्राहकाच्या निष्काळजीपणानं पैसे गेले असतील, तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. बँक इथे म्हणणार, अ‍ॅप तुम्हीच बसवलंत. तुम्ही म्हणायचं, ओटीपी मी कोणाला दिला नाही. वाद होणार हे धरून चालावं. त्या परिपत्रकानं निष्काळजीपणा सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर टाकली होती, तेव्हा पहिल्याच फोनवर ‘चूक माझीच झाली’ म्हणून मोकळं होऊ नका. जे घडलं ते क्रमानं सांगा. फोन कधी केला ती वेळ, तक्रारीचा क्रमांक आणि ती करडी ‘एपीके’ ओळ दिसणारा स्क्रीनशॉट, एवढं दुसऱ्या फोनवर जपून ठेवा आणि शाखेत लेखी अर्ज देऊन पोच घ्या.